मासे आणि कडधान्य, एकाच कढईत, पाऊण तासात: जमतं का?

पावणेआठचा_बाबा | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. पाककृती विभागात पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

बायको कामासाठी तीन महिने बंगळुरात आहे. घरी मी आणि अकरा वर्षांची लेक. ऑफिसातून पुण्याच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायला पावणेआठ होतात आणि नऊच्या आत ताट समोर आलं नाही तर लेक बिस्किटं खाऊन झोपते. त्यात गेल्या महिन्यात माझे ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढलेले निघाले. डॉक्टर म्हणाले, भात-पोळी निम्मी करा, मासे आणि कडधान्यं वाढवा.

आता रोज रात्री एक उसळ आणि एक माशाचं कालवण असं दोन-दोन करायला मला वेळ नाही आणि तेवढं येतही नाही. म्हणून डोक्यात आलं की दोन्ही एकाच भांड्यात घातलं तर? आईला फोन केला. आई बार्शीची. ती म्हणाली, "उसळ ती उसळ, मासा तो मासा. एका भांड्यात कोण घालतं रे?"

तर कोणी घालतं का? घरात चवळी, राजमा, मसूर आणि मूग आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानात बांगडा, कोलंबी, बासा मिळतात. लेक काट्याला घाबरते. मसाले जपून वापरतो, पण भित्रा नाही.

दोन_ओळी | सोमवार, रात्री ९.५८

शिट्ट्या किती?

चिंबोरी | सोमवार, रात्री १०.१५

कोण घालतं म्हणजे? आईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की सीकेपी घालतात, आगरी घालतात, कोळी घालतात!

आमच्याकडे सोडे घातलेलं वालाचं बिरडं हा पाहुण्यांसाठीचा पदार्थ. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, दुसऱ्या दिवशी कपड्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. सोडे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून स्वच्छ धुवायचे. तेलावर भरपूर लसूण, कांदा, त्यावर सोडे परतायचे, मग वाल, हळद, तिखट आणि गरम पाणी. वाल शिजले की कोकम, आणि शेवटी नारळाचं दूध. डावाने ढवळायचं नाही, नाहीतर वाल मोडतात. कढईच धरून हलवायची. माझी आजी ढवळणाऱ्या सुनेला आठवडाभर ऐकवायची.

पण बाबा, हे पाऊण तासात होत नाही. दोन दिवस आणि एक रिकामी सासू लागते.

मोडाचा_माणूस | सोमवार, रात्री १०.२१

बिरडं नव्हे, डाळिंब्यांची उसळ. आणि त्यात गूळ.

चिंबोरी | सोमवार, रात्री १०.२४

गूळ?? सोड्यांत??

मोडाचा_माणूस | सोमवार, रात्री १०.२६

आमच्याकडे सोडे नसतात, म्हणून गूळ असतो.

निव्वळ_शाकाहारी | सोमवार, रात्री १०.४०

सगळ्या कृतींतून मासे वगळले तर चालतील का?

चिंबोरी | सोमवार, रात्री १०.४१

चालतील. त्याला उसळ म्हणतात.

उरणची_सून | सोमवार, रात्री ११.०५

चिंबोरीताई, तुमचं बिरडं पाहुण्यांचं. रोजचं मी सांगते.

माझ्या सासरी पावसाळ्यात आठवड्यातून तीनदा वाल-वांगं-सुकट असायचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, म्हणजे ताजी मासळी कमी आणि असेल तिचा भाव विचारू नका. म्हणून उन्हाळ्यात सुकट, सुके बोंबील, सोडे डब्यांत भरून ठेवायचे आणि पावसात तेच कडधान्यात नाहीतर भाजीत पडायचं. मूठभर सुकट, वाटीभर वाल, दोन वांगी, एक बटाटा आणि सहा माणसं. मासा चवीला, पोट वालानं भरायचं. आता डॉक्टर हेच सांगून पैसे घेतात.

सासूबाई वालाच्या जागी चवळीही घालत. चवळी भिजवायला विसरलं तरी कुकरात शिजते, एवढंच की शिट्ट्या जास्त लागतात. सुकट कोरडी भाजायची, गार झाली की चोळून डोकी-शेपट्यांचा चुरा पाखडायचा, मग दोन पाण्यांतून काढायची. धुतली नाही तर दाताखाली वाळू येते आणि मग आयुष्यभर माणूस सुकटीला नावं ठेवतो. काट्याचा तर प्रश्नच नाही.

दोन_ओळी | सोमवार, रात्री ११.०७

जास्त म्हणजे किती?

हांबुर्गची_खिडकी | मंगळवार, पहाटे ३.१२

सुकट भाजण्यावरून आठवलं. इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात खिडक्या बंद करून मी सुकट भाजायला घेतली. तव्यावर पडून दोन मिनिटं झाली नसतील, धुराचा अलार्म वाजायला लागला. मी टॉवेलने हवा घालतोय आणि दारात खालच्या मजल्यावरच्या आजी उभ्या. त्यांनी वास घेतला आणि अगदी काळजीने विचारलं की मांजर मेलंय का. तेव्हापासून सुकट मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने हलवत भाजतो आणि डबा बाल्कनीत ठेवतो.

मूळ प्रश्नाकडे. परदेशातल्यांसाठी हे सगळ्यात सोपं जेवण आहे, कारण दोन्ही गोष्टी डब्यात मिळतात. इटलीत टस्कनीकडे पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांत ट्यूना, कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल घालून खातात. गॅस पेटवावाच लागत नाही. मी त्याला मराठी करतो: दाणे चाळणीत धुतले की डब्यातलं मीठ बरंच निघून जातं. तेलात जिरं, लसूण, हिरवी मिरची, त्यात दाणे, वरून ट्यूना नाहीतर सार्डिन, लिंबू, कोथिंबीर. बारा मिनिटं, मोजून. डब्यातल्या सार्डिनचे काटे इतके मऊ असतात की मुलांना कळतही नाहीत. सोललेले वाल हवे असतील तर भारतीय दुकानात गोठवलेला सुरती लिलवा मिळतो. बिरड्याचे दोन दिवस वाचतात. चिंबोरीताई, रागावू नका.

चिंबोरी | मंगळवार, सकाळी ७.३०

रागावले नाही. दुकानाचं नाव व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवा, बहीण तिकडेच आहे.

वैद्य_नाही_पण | मंगळवार, सकाळी ९.१०

उत्साहाच्या भरात एक गोष्ट विसरली जातेय. चरकसंहिता, सूत्रस्थान, अध्याय २६. पाळीव, पाणथळीच्या आणि जलचर प्राण्यांचं मांस कशाबरोबर खाऊ नये याची यादी आहे: मध, तीळ, गूळ, दूध, उडीद, मुळा, कमळाचे देठ आणि मोड आलेली धान्यं. मासे आणि मोडाचे वाल म्हणजे सरळसरळ विरुद्ध आहार. पूर्वजांनी विचार करून लिहिलंय. बघा बुवा.

उरणची_सून | मंगळवार, सकाळी ९.२२

माझ्या सासूबाई ८८ व्या वर्षी सुईत दोरा ओवतात.

संस्कृतची_बाई | मंगळवार, सकाळी १०.४५

वैद्य_नाही_पण, संदर्भ बरोबर दिलात, पण पान उलटायचं राहिलं. त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की ज्याला ते सात्म्य म्हणजे अंगवळणी पडलंय, जो थोडंच खातो, ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण आहे, जो व्यायामाने बळकट आहे, त्याच्या बाबतीत विरुद्ध आहार निष्फळ ठरतो. 'विरुद्धं वितथं भवेत्' असे शब्द आहेत. पिढ्यान्‌पिढ्या वाल-सुकट खाऊन होड्या वल्हवणाऱ्यांना याहून नेमकं प्रमाणपत्र कोण देणार? आणि बाबांकडे चवळी आहे, मोड आणलेली नाही. त्यांच्यावर तर कलमच लागत नाही.

(गुळाचा उल्लेख वाचून मोडाच्या_माणसाचीच काळजी वाटली.)

मोडाचा_माणूस | मंगळवार, सकाळी १०.५०

आम्ही जलचर खात नाही. आम्ही वाचलो.

म्हापशाचो_पाव | मंगळवार, दुपारी १.३०

उडीद निषिद्ध ऐकून आमच्या घरात हशा पिकला. बांगड्याची उडीदमेथी हे आमच्या जेवणातलं दैवत आहे. थोड्या तेलात उडदाची डाळ तांबूस परतायची, मेथीदाणे अगदी पाव चमचा, जास्त झाले की कडू. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद, चिंच यांच्याबरोबर वाटायचं. वाटण पाण्यात सैल करून उकळी आली की बांगड्याचे तुकडे सोडायचे, आठ मिनिटांत गॅस बंद. मिक्सर असेल तर अर्ध्या तासात ताट.

हांबुर्गची_खिडकी | मंगळवार, दुपारी २.१५

पण त्यात उडीद किती?

म्हापशाचो_पाव | मंगळवार, दुपारी २.२०

एक चमचा.

हांबुर्गची_खिडकी | मंगळवार, दुपारी २.२१

मग ते मसाल्यात गेलं, कडधान्यात नाही.

म्हापशाचो_पाव | मंगळवार, दुपारी २.४०

डॉक्टरांना 'उडीद खाल्ला' एवढं सांगता येतं की. बरं, मोठ्या प्रमाणात हवं तर ज्यांनी आमच्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं त्यांना विचारा. पोर्तुगालमध्ये खारवलेला कॉड मासा आणि काबुली चणे एकत्र उकडून त्यावर कांदा, लसूण, ऑलिव्ह तेल घालतात.

जामाईबाबू_ठाणे | मंगळवार, दुपारी ४.००

सासुरवाडी कोलकात्याची. तिथे मुगाची डाळ कोरडी खमंग भाजून शिजवतात आणि तिच्यात तळलेलं रोहू माशाचं डोकं मोडून घालतात. पहिल्यांदा ताटात आलं तेव्हा डाळीतून डोळा माझ्याकडे बघत होता. सासूबाई प्रेमाने म्हणाल्या, जावयाला डोकं द्यायची पद्धत आहे. खाल्लं. आता ठाण्यात मीच कोळणीकडे डोकं मागतो आणि ती मला तुकड्यांच्या भावात लावते, कारण तिला कळलंय.

लेक डोळ्याला घाबरेल. तूर्तास नको.

रक्तदाबमापक | मंगळवार, रात्री ८.३०

पेशाने डॉक्टर आहे. फोरमवर तपासत नाही, पण सर्वसाधारण सांगतो.

ट्रायग्लिसराइड्ससाठी मासे म्हणताना डॉक्टरांच्या मनात तेलकट मासे असतात: बांगडा, तारली. ओमेगा-३ यांच्यात भरपूर. बासा खायला सोपा, काटा नाही, प्रथिनं मिळतात, पण तो गोड्या पाण्यात पाळलेला मासा आणि त्यात ओमेगा-३ अगदी कमी. अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे सुचवते. रोजची गरज नाही. आणि मासा तळून खाल्लात तर हिशोब बिघडतो. कालवणात शिजवलेला उत्तम.

बांगडा सकाळी घेऊन संध्याकाळपर्यंत ऑफिसच्या पिशवीत ठेवू नका. बाहेर उबेत राहिला की बांगडा-ट्यूना जातीच्या माशांत हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. चेहरा लाल, डोकं ठणकणं, अंगावर गांधी, आणि आपण म्हणतो 'माशाची ॲलर्जी'. घेतला की बर्फ नाहीतर फ्रीज.

राजमा वापरणार असाल तर भिजवून, ते पाणी फेकून, खळखळून उकळलाच पाहिजे. कुकरात ते आपोआप होतं. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या होतात.

पडवळ_एके_पडवळ | मंगळवार, रात्री ८.५५

माझं युरिक ॲसिड वाढलेलं. मासे बंद, कडधान्यं बंद. धागा वाचून रडतोय.

रक्तदाबमापक | मंगळवार, रात्री ९.२०

मासे कमी, हे बरोबर. तारली तर दूरच ठेवा. पण कडधान्यांना उगाच शिक्षा झालीय. २००४ साली अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचा बारा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. मांस आणि सागरी मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, वाढलेला दिसला. प्युरीन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं) असलेल्या भाज्या-डाळी खाणाऱ्यांत नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलून बघा.

पडवळ_एके_पडवळ | मंगळवार, रात्री ९.२२

देव तुमचं भलं करो. उद्याच मूग भिजवतो.

तिसरा_मजला | बुधवार, सकाळी ११.००

कृती ठीक आहेत, पण आमच्या सोसायटीच्या सभेत 'सुक्या मासळीच्या वासाबाबत' असा विषय क्रमांक ४ होता. पाणीगळतीच्या आधी! अध्यक्षांच्या घरातून रोज हिंगाची फोडणी जिना उतरून येते, त्याचं कुणाला काही नाही.

चिंबोरी | बुधवार, सकाळी ११.१५

त्यांना सोडे घातलेलं बिरडं नेऊन द्या. विषय क्रमांक ४ निकालात.

पावणेआठचा_बाबा | बुधवार, रात्री १०.३०

मंडळी, एवढे प्रतिसाद! सगळं वाचलं आणि आज प्रयोग केला. फसला.

सकाळी चवळी भिजत घातली होती. संध्याकाळी बांगडे आणले, दुकानदाराकडून मधला काटा काढून घेतला. वेळ वाचावा म्हणून कढईत फोडणी, कांदा, दोन टोमॅटो, पाच कोकमं, चवळी, पाणी आणि बांगडा, सगळं एकदमच. झाकण ठेवलं आणि लेकीचं गणित घ्यायला बसलो. चाळीस मिनिटांनी चवळी दाताला खडाखडा लागत होती आणि बांगडा दिसतच नव्हता. रश्शात विरघळून गेला होता. लेक म्हणाली, "बाबा, मासा पळून गेला." बिस्किटं खाल्ली. मीही.

कुठे चुकलं?

उरणची_सून | बुधवार, रात्री १०.४५

अरे देवा! एकदम कशाला घातलंत सगळं? आंबट आधी पडलं की कडधान्य शिजायचं नाव घेत नाही. टोमॅटो, कोकम, चिंच सगळं कडधान्य मऊ झाल्यावरच. आमच्या वाल-सुकटीतही आंबट शेवटीच पडतं. आणि बांगड्याला उकळत्या रश्शात सहा-सात मिनिटं पुरतात. तुम्ही त्याला चाळीस मिनिटं गणित शिकवलंत.

हांबुर्गची_खिडकी | बुधवार, रात्री ११.३०

तुमची घाई चुकीच्या वेळेला होतेय. संध्याकाळी काही वाचत नाही, वाचवायचं ते आदल्या रात्री. रविवारी दोन-तीन वाट्या चवळी, राजमा वेगवेगळे शिजवा, निथळून एकेका जेवणापुरते डबे करून फ्रीझरमध्ये टाका. इथे मी डबा फोडतो, तिथे तुम्ही डबा काढा. मग संध्याकाळी फक्त फोडणी आणि मासा उरतो.

म्हापशाचो_पाव | गुरुवार, सकाळी ८.४०

अनुमोदन. आणि पहिल्या वेळी कोलंबी घ्या. बांगडा हलवला की मोडतो, कोलंबी नवशिक्याला माफ करते. वाकून अर्धगोल झाली की झाली. पूर्ण गोल झाली की रबर.

पावणेआठचा_बाबा | रविवार, रात्री ९.१५

जमलं! जे केलं ते लिहून ठेवतो, माझ्यासारखा कुणी असेल तर.

आदल्या रात्री झोपताना एक वाटी चवळी भिजवली. सकाळी कुकरात तीन शिट्ट्या (दोन_ओळी, घ्या!), गार झाल्यावर पाण्यासकट फ्रीजमध्ये. संध्याकाळी पाव किलो सोललेल्या कोलंबीतला काळा दोरा काढला, हळद-मीठ लावून ठेवली. यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला, बारा मिनिटं. कढईत दीड चमचा तेल, ठेचलेल्या सात-आठ लसूणपाकळ्या, एक कांदा. कांदा गुलाबी झाल्यावर दोन चमचे मालवणी मसाला, लगेच चवळी तिच्या पाण्यासकट. पाच मिनिटं उकळू दिलं, डावाच्या पाठीने थोडी चवळी कढईतच ठेचली म्हणजे रस्सा मिळून येतो. मग कोलंबी, चार मिनिटं, तीन कोकमं, गॅस बंद. कोथिंबीर. घड्याळात अठ्ठावीस मिनिटं. बरोबर पोळी-भाजी केंद्रातून आणलेली ज्वारीची भाकरी. मी एक खाल्ली, लेकीने दीड. तिने कोलंब्या मोजून वाटून घेतल्या, तिच्या अकरा, माझ्या सात.

पुढच्या वेळी हेच शिजवलेल्या राजम्यात आणि काटा काढलेल्या बांगड्यात. डॉक्टरसाहेबांनी बांगड्याचं सांगितलंय ते विसरलेलो नाही.

आईला फोन करून सांगितलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चवळीत घातलंस ते घातलंस, हुलग्याच्या माडग्यात तेवढी घालू नकोस."

चिंबोरी | रविवार, रात्री ९.३०

फोटो?

पावणेआठचा_बाबा | रविवार, रात्री ९.३१

संपलं. रिकाम्या कढईचा टाकू का?

दोन_ओळी | रविवार, रात्री ९.४०

तीन! आभारी आहे.
माझ्या कुकरात मात्र पाच लागतात.

आताच_आलो | सोमवार, सकाळी ७.०५

प्रतिसाद वाचलेले नाहीत. पण मासे आणि कडधान्य एका भांड्यात कोण घालतं?